न्याहारी किती खांब टिकते

आमच्या नाम्याला एक सवय होती. लाइनीवर चालताना मोडलेली चावी दिसली की तो ती उचलून पिशवीत टाकायचा. चावी म्हणजे रुळाला जागेवर घट्ट धरून ठेवणारा लोखंडी तुकडा. संध्याकाळी तो पिशवी गँगच्या पेटीत रिकामी करायचा. रोज एखाददुसरीच निघायची. पण काही वर्षांनी त्या पेटीचं झाकणच लागेना.

गोष्टींचंही तसंच होतं. मी फार बोलणारा माणूस नाही. सुना म्हणतात, बाबांचं एक वाक्य पुरं व्हायला मधून एक मालगाडी जावी लागते. पण ओटीवर चहा आला, चार माणसं टेकली, की कोणीतरी नाम्याचं नाव काढतं आणि माझ्याही पेटीचं झाकण लागत नाही.

मी कर्जत-खोपोली लाइनीवर गँगमन होतो. केळवलीच्या अलीकडून डोळवलीच्या पलीकडपर्यंतचे रूळ आमच्या टोळीकडे. आमचा मुकादम गणपत, दहिवलीचा शेतकरी, मिशीवाला. चिमा नावाचा एक होता, त्याला जेवून उठल्यावर भूक लागायची. मी दुसरीपर्यंत शिकलेला. गँगमध्ये तेवढं शिकलेला दुसरा कोणी नव्हता, म्हणून खडू आणि कागद माझ्याकडे.

आणि नामा आमचा चावीवाला. दिवस उगवायला हातोडा खांद्यावर टाकून तो एकटा निघायचा. सगळ्या चाव्यांवर कान ठेवून चालायचा. ठण् वाजली तर घट्ट, ठप् वाजली तर सैल. सैल असेल तिथं ठोकून पुढं. साठ खांब जायचं, साठ खांब परत यायचं. हे तारेचे खांब लाइनीच्या कडेला होते, आमचं सगळं मोजमाप त्यांच्यावरच चालायचं.

नाम्याइतका गरीब स्वभावाचा माणूस मी पाहिला नाही. कोणाला दुखवायचं नाही, कोणाला उलटून बोलायचं नाही. म्हणूनच पुढचं सगळं झालं.

* * *

पौषातली सकाळ होती. आम्ही खडी ओढत होतो. नामा फेरी अर्धी टाकून परत येताना दिसला. एवढ्या थंडीत त्याचा सदरा घामानं भिजलेला. तो रुळावर बसला, मुकादमाकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाला, "गणपत, मिशीला काळं लावतोस ते लाव. पण घामानं ते सदऱ्यावर उतरतं, तेवढं तरी बघत जा."

फावडी थांबली. मुकादम मिशीला काळं लावतो हे चार वर्षं सगळ्या गँगला माहीत होतं. त्या चार वर्षांत कोणी चकार शब्द काढला नव्हता.

मुकादमाचा हात मिशीकडे गेला. तेवढ्यात नामा बसल्या जागी कलंडला.

पाणी मारलं. चिमानं स्वतःच्या डब्यातली भाकरी त्याला भरवली. चिमानं आपली भाकरी दुसऱ्याला दिली, यावरूनच आम्ही केवढे घाबरलो होतो ते कळावं. अर्ध्या तासानं नामा उठून बसला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. आम्ही सांगितलं.

"मी? मुकादमाला? छे रं," तो म्हणाला, आणि त्यानं गणपतला हात जोडले. त्याला खरंच काही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला तो पांढरी मिशी घेऊन. आम्ही सगळे खाली बघून खडी ओढत राहिलो. दुपारी तो आपणहून म्हणाला, "बायको म्हनाली, बरी दिसते. म्हनाली, चार वर्षं वाट बघत होते."

* * *

नाम्याला कर्जतला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. चिमा आणि मी बरोबर गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, आठवड्यानं परत बोलावलं आणि सांगितलं की याच्या रक्तातली साखर सकाळी खाली उतरते, म्हणून चक्कर येते आणि माणूस चिडचिडा होतो.

डॉक्टर पुढंही बरंच काही सांगत होते. पण खोपोलीची गाडी सुटायची वेळ झाली होती आणि ती चुकली तर दुपारपर्यंत दुसरी नव्हती. आम्ही "हो, हो" म्हणत पळत सुटलो.

साखर उतरते, एवढं आमच्या हाती लागलं. मग उपाय सोपा होता. साखर रेशनवर मिळायची तो काळ. तरी गँगच्या चाळीतल्या प्रत्येक घरानं वाटीवाटी काढून दिली. मुकादमानं शेतावरच्या घरून गुळाची अर्धी ढेप आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे नाम्याला पेलाभर पाकासारखा चहा पाजला, मुठीएवढा गूळ खायला लावला आणि खिशात आणखी एक खडा घालून दिला.

नामा सुटला तो घोड्यासारखा. ठण् ठण् ठण् असा आवाज येत राहिला. नेहमी तास लागायचा तिथं तो अर्ध्या तासात पोचला. मुकादम म्हणाला, "बघा. डॉक्टर कशाला लागतो?"

मग आवाज बंद झाला.

आम्ही शोधत गेलो तर बाविसाव्या खांबाला मिठी मारून नामा उभा. घामानं निथळतोय आणि खांबाला समजावतोय, "तू कसा एका जागी उभा हायस, तसं मला राहता येत नाय रं. माझ्या मागं चिमा लागतो."

* * *

परत डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मुकादम आला आणि आधीच सांगून बसला की गाडी चुकली तरी चालेल.

डॉक्टर रागावले. म्हणाले, नुसतं गोड दिलं की साखर भरकन चढते आणि तितक्याच वेगानं खाली येते. उठल्यावर तासाभरात त्याच्या पोटात टिकणारं काहीतरी गेलं पाहिजे. भाकरी असेल, कडधान्य असेल, अंडं असेल, शेंगदाणे असतील. चक्कर आलीच तर गुळाचा खडा द्या, पण त्याच्या मागोमाग भाकरी.

मुकादमानं विचारलं, टिकणारं म्हणजे किती टिकणारं?

"ते तुम्हीच बघा," डॉक्टर म्हणाले. "कशानं हा किती वेळ बरा राहतो, लक्ष ठेवा."

आणि त्यांनी एक कागद दिला. तो साहेबांकडे द्यायचा होता. साहेब म्हणजे आमच्या लाइनीचे, दर गुरुवारी ट्रॉलीवरून येणारे. कागदात असं होतं की नाम्याला तीन महिने बघायचं. या मुदतीत तो पुन्हा लाइनीवर पडला, तर हातोडा काढून घ्यायचा आणि लांबच्या कुठल्यातरी गोदामात बसायचं काम द्यायचं. पडला नाही, तर तीन महिन्यांनी साहेब स्वतः बघून तसं लिहून देतील.

 गाडीत पळसदरी गेल्यावर नामा म्हणाला, "बसून काय करू रं, सोनू? बसल्यावर मला काय ऐकू येनार?"

सोनू म्हणजे मी. हातोडा त्यानं दवाखान्यातही बरोबर आणला होता. मी तो माझ्या मांडीवर घेतला.

* * *

आता टिकणारं म्हणजे काय ते शोधायचं होतं. घड्याळ एकट्या मुकादमाकडे, आणि तेही त्याच्या सोयीनं चालायचं. म्हणून मुकादमानं ठरवलं की न्याहारी खांबावर मोजायची. चिमाला लाल झेंडी दिली, मला खडू दिला आणि दोघांना नाम्याच्या मागं लावलं. नामा जोवर गोड बोलतो तोवर साखर जागेवर. ज्या खांबाशी तो पहिलं खरं बोलेल, त्या खांबावर न्याहारीचं नाव लिहायचं, लगेच गूळ-भाकरी भरवायची आणि त्याला हाताला धरून परत आणायचं.

पहिल्या दिवशी मुकादमाच्या घरची पेज. अठराव्या खांबाशी नामा थांबला आणि चिमाला म्हणाला, "तू माझ्या मागं चालतोस का माझ्या भाकरीच्या?" मी खांबावर लिहिलं, पेज.

दुसऱ्या दिवशी चिमाच्या घरचे पोहे. सव्वीस खांब चालले. पोहे चांगले टिकले म्हणून चिमा खूश होता. नामा म्हणाला, "पोहे बरे होते. तुझ्या बायकोनं केले असनार. तू केले असतेस तर इथवर आलेच नसते." चिमाला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

चहा आणि कडक बटर, बारा खांब. शिळा भात फोडणीचा, वीस खांब.

मग चिमाच्या डोक्यात आलं की कर्जत स्टेशनातला वडा घालून बघावा. नाम्यानं गरमागरम चार खाल्ले. नवव्या खांबाशी तो खाली बसला आणि खरं न खोटं, काहीच न बोलता झोपून गेला. चिमा खडूकडे बघत म्हणाला, "हा झोपलेला धरायचा का पडलेला?"

मी वडा लिहिलं. कागदावर मात्र आम्ही त्याला झोपलेलाच धरला.

* * *

हे खांब साहेबांच्या नजरेत आले नसते तर नवल. गुरुवारी त्यांची ट्रॉली आली. वर छत्री, मागं ढकलणारी माणसं. साहेब तसे मनानं चांगले. पण अकरा वाजले की त्यांचं काहीतरी बिनसायचं. पावणेअकराला ज्या कामाला ते शाबासकी देत, सव्वाअकराला त्याच कामासाठी फावडं फेकून देत. आम्ही सगळी अवघड कामं दहाच्या आत दाखवायचो.

त्या दिवशी त्यांनी ट्रॉली थांबवून मुकादमाला विचारलं, खांबावर हे काय लिहिलंय?

साडेदहाच झाले होते, म्हणून मुकादमाला धीर होता. तो म्हणाला, "साहेब, पॅकिंगच्या खुना हायत."

पॅकिंग म्हणजे स्लीपरखाली खडी ठासणं. साहेबांनी खांबाकडे पाहिलं. आपल्याला माहीत नाही असं दाखवायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा लेखी हुकूम आला. मीच वाचून दाखवला. "वड्यापासून पेजेपर्यंत लाइन बसली आहे. तातडीने पॅकिंग करावे."

आम्ही केलं. लाइन तिथं खरंच बसली होती, रूळ खचले होते. पुढं वर्षा-दीड वर्षानं हे साहेब बदलून गेले, नवे आले. खांबावरचा खडू केव्हाच पावसानं धुऊन गेला होता. पण नव्या साहेबांच्या हुकमातही पेज होती.

* * *

आता मडक्यांची गोष्ट सांगतो.

आम्ही काम करायचो तिथं एका जांभळाखाली पाण्याची दोन मडकी असायची. एक सगळ्यांचं आणि एक माझं. असं कोणी बोलून दाखवलं नव्हतं. मी गँगमध्ये लागलो तेव्हापासून ती तशी होती, आणि मी डबाही थोडा बाजूला बसून खायचो. आमच्या घरानं धम्म घेतला त्याला तोवर काही वर्षं झाली होती. घरात सगळं बदललं होतं. जांभळाखाली काही बदललं नव्हतं.

त्या दिवशी भाजलेल्या शेंगदाण्यांची पाळी होती. अर्धे निघताना खायचे, अर्धे वाटेत. वाटेतले चिमाकडे दिले होते. चौदाव्या खांबाशी नामा डगमगला. मी चिमाकडे बघितलं तर त्याच्या हातात रिकामा पुडा. तो म्हणाला, "मी फक्त चव बघत होतो." आणि मुकादमाला आणायला झेंडी घेऊन पळाला.

नाम्याला मी रुळापासून बाजूला घेतलं. त्याच्या खिशातला गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला. मागोमाग भाकरी पाहिजे होती आणि भाकरी होती ती माझ्याच डब्यात. मी झाकण उघडलं आणि थांबलो.

नाम्याचे डोळे अर्धे मिटलेले. तसाच म्हणाला, "थांबलास का? वास द्यायला आनलास का डबा?"

मग मी त्याला भरवलं. नाचणीची भाकरी, मोड आलेल्या वालाची उसळ, एक उकडलेलं अंडं. माझ्या बाटलीतलं पाणी पाजलं. मुकादम धापा टाकत आला तेव्हा नाम्याचं तोंड भरलेलं होतं. भरल्या तोंडानंच तो म्हणाला, "गणपत, दोन मडकी कशाला रं? विहीर तर एकच हाय."

मुकादमानं माझ्याकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. मग एवढंच म्हणाला, "पुढं चाला. खांब मोजा."

आम्ही मोजत गेलो. वीस, तीस, चाळीस. नामा गोड बोलत होता. साठ खांब झाले, लाइन आमची संपली. परत साठ. लिहायला जागाच मिळाली नाही. खडू माझ्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळाखाली एकच मडकं होतं.

"एक फुटलं," मुकादम म्हणाला.

"कुठलं?" चिमानं विचारलं.

"फुटल्यावर कसं कळनार?" मुकादम म्हणाला, आणि कामाला लागला.

* * *

नाम्याची बायको सुंदरवैनी. ती आमच्या दारात आली आणि यशोदाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाली की मला ती न्याहारी शिकव. यशोदानं तिला चुलीशी पाट दिला. वाल किती वेळ भिजवायचे, मोड किती लांब येऊ द्यायचे, नाचणीचं पीठ कसं उकडून घ्यायचं, सगळं दाखवलं. अर्धं निघण्याआधी खायचं, अर्धं तिसाव्या खांबाशी, हे मुकादमानं ठरवून दिलंच होतं.

निघता निघता सुंदरवैनी म्हणाली, "हा मानूस घरात नुसता गोड बोलतो गं. सगळ्या गँगला खरं सांगून झालं. एक दिवस भाकरी कमीच घालते डब्यात. बघू तरी माझ्याबद्दल काय म्हनतो."

यशोदा म्हणाली, "नको घालू. मी यांना घातली होती एकदा कमी. तरी हे गप्पच!"

* * *

एक अडचण राहिली होती. नामा शनिवारचा उपास धरायचा, मारुतीचा. बापाच्या वेळेपासून चाललेला. साबुदाण्याची खिचडी आम्ही मोजून बघितली, सोळा खांब. उपास सोड म्हटलं तर त्याचा चेहरा एवढासा व्हायचा.

तेव्हा मुकादमानं तोडगा काढला. उपास मोडायचा नाही, वाटून घ्यायचा. दर शनिवारी गँगमधल्या एकानं नाम्याच्या नावानं उपास करायचा आणि नाम्यानं भाकरी खायची. पाळ्या लागल्या.

चिमाची पाळी आली त्या दिवशी त्यानं खिचडी दोनदा, रताळी तीनदा आणि केळी अर्धा डझन खाल्ली. संध्याकाळी म्हणाला, उपास फार कडक आहे, नाम्यानं इतकी वर्षं कसा धरला!

माझी पाळी येणार होती त्या शनिवारी मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाला, तुमच्यात हे नसतं, तुझी पाळी मी करतो. त्याला ते बोलताना जड जात होतं.

मी म्हटलं, "देवासाठी नाय करत. नाम्यासाठी करतो."

त्या दिवशी मी पाण्यावर राहिलो. दुपारी नामा माझ्यासमोर बसून यशोदानं शिकवलेली भाकरी खात होता आणि सारखा विचारत होता, "सोनू, तुला चक्कर नाय ना येत? काय खरं बोलावंसं वाटतंय का?"

* * *

तर असे तीन महिने होत आले. नामा एकदाही पडला नाही. शनिवारची सोय लागल्यापासून खरंही बोलला नाही. खरं सांगायचं तर गँग थोडी अळणी झाली होती. मुकादमानं नवी टोपी घातली तेव्हा ती कशी दिसते ते सांगायला कोणी उरलं नव्हतं.

चैत्र लागला होता. चाळीच्या विहिरीनं तळ गाठला होता. बायका दोन-दोन हंडे घेऊन नदीवर जात होत्या, सकाळचं एक पाणी आणायला उन्हं चढायची. सकाळच्या गाडीला पाण्याची टाकी जोडून द्या, असा अर्ज मी माझ्या वाकड्या अक्षरात तीनदा लिहिला होता, मुकादमानं तीनदा दिला होता. त्याचं काही झालं नव्हतं. साहेबांना तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती.

नाम्याच्या मुदतीचा शेवटचा गुरुवार आला. नामा डोळवलीकडचा थोडा तुकडा राखून फेरीवरून आला, धुतलेला सदरा घालून उभा राहिला. मुकादमानं त्याला बजावलं की साहेब विचारतील, बरा आहेस का. तू हो म्हणायचं आणि गप्प बसायचं. बाकी आम्ही बघतो.

ट्रॉली आली ती नेमकी अकरा वाजता.

साहेबांनी उतरल्या उतरल्या चिमाचं फावडं फेकलं. मग कागद काढला आणि नाम्याला विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?"

नामा म्हणाला, "मी बरा हाय साहेब. तुमी बरं नाय. अकरा वाजले की तुमचं डोकं फिरतं. सकाळी खाता काय तुमी?"

मुकादमानं नाम्याचा सदरा मागून ओढला.

"आनि दुसरं," नामा म्हणाला, "तुमच्या बंगल्यातल्या गुलाबांना दोन वेळा पानी हाय. आमच्या बायकांच्या हंड्यात नाय. अर्ज तीनदा दिलाय. वाचता येत नसंल तर हा सोनू वाचून दाखवील."

मुकादमाचं तोंडचं पाणी पळालं. "साखर उतरली," तो पुटपुटला. "साहेब येनार म्हनून घाईत खाल्लं नसनार त्यानं. भाकरी द्या रं त्याला, भाकरी!" माझा डबा हाताशी होता, तो मी झाकण काढून पुढं केला.

साहेब म्हणाले, "काय चाललंय हे?"

"साहेब, भूक लागलीय त्याला," मुकादम हात जोडून म्हणाला. "भरल्या पोटी तो असलं खरं बोलत नाय."

 साहेबांनी ट्रॉलीवरून आपला डबा आणवला आणि नाम्यापुढं धरला. आत पाव आणि मुरंबा होता.

आता मुकादमाला राहवलं नाही. तो म्हणाला, "ते नको साहेब. ते दहाव्या खांबाशी उतरतं."

"मी रोज हेच खातो," साहेब म्हणाले.

"दिसतं साहेब," चिमा हळूच म्हणाला.

मला वाटलं, आता हातोडा तर गेलाच, चिमाही गेला. पण साहेब रुळावर बसले. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, भाकरीचा तुकडा मोडला आणि उसळीला लावून खाल्ला. मग दुसरा. मग अंडं. आम्ही सगळे उभे राहून साहेबांना जेवताना बघत होतो. डबा पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, कोणी केलं हे? मी सांगितलं, माझ्या घरी. ते म्हणाले, किती खांब चालतं? मुकादम म्हणाला, जाऊन येऊन एकशेवीस.

मग त्यांनी नाम्याला चालून दाखवायला सांगितलं. नामा वीस स्लीपर चालला. ठण्, ठण्, ठण्, आणि मग ठप्. तो वाकला, ती चावी ठोकून बसवली, पुढं गेला. त्याचा पाय कुठं चुकला नाही.

साहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. एका ओळीनं नाम्याचा हातोडा नाम्याकडे राहिला, निवृत्त होईपर्यंत. दुसरी ओळ कशाची होती ते आठ दिवसांनी कळलं, सकाळच्या गाडीमागं पाण्याची टाकी आली तेव्हा.

पण मी सांगणार होतो ते वेगळंच.

ट्रॉली वळणाआड गेली. चिमा आपलं फावडं शोधायला गेला. मुकादम जांभळाखाली जाऊन आडवाच झाला. मला भूक लागली होती आणि माझा डबा साहेबांनी पुसलेला. म्हटलं, नाम्याचा तर भरलेलाच असणार. त्यानं सकाळपासून खाल्लं नाही, म्हणून तर एवढं सगळं झालं. मी त्याच्या पिशवीतून डबा काढला. हाताला हलका लागला. उघडला. आत अंड्याचं टरफल होतं आणि वालाची दोन सालं.

नाम्यानं माझ्या हातून डबा घेतला, झाकण लावलं आणि पिशवीत टाकला.

"सोनू, मी साहेबाला काय बोललो का रं?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"छे रं," मी म्हटलं. "तू कशाला बोलशील?"

त्यानं हातोडा खांद्यावर टाकला आणि राहिलेला तुकडा बघायला डोळवलीकडे निघाला. ठण्, ठण्, ठण्.